मनातलं बोला : ‘त्याका न्हेवक तरी इले’

पत्र असं आहे. थोडं छोटं केलंय, गावाचं नाव काढलंय, बाकी शब्द त्यांचेच.

“ताई नमस्कार. मी ४४ वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. मी आणि मिसेस अकरा वर्षं कुवेतला नोकरीला होतो. मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याला गावी, कुडाळजवळ, माझ्या आईवडलांकडे ठेवला, कारण तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. वर्षातून एकदा येणं व्हायचं, बाकी दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल. धाकटी मुलगी तिकडेच झाली, ती आमच्याजवळच वाढली. गेल्या वर्षी आई गेली, मग आम्ही कायमचे परत आलो आणि मुलाला इकडे आणला. आता तो नववीत आहे. त्याला स्वतंत्र खोली दिली, मोबाईल, टॅब, गियरची सायकल, सगळं दिलं. पण हा मुलगा आमच्यात मिसळतच नाही. जेवताना बोलत नाही, बोलला तर मालवणीत, धाकटीच्या मैत्रिणी हसतात. एकदा त्या हसल्या तेव्हा ह्याने टॅब गॅलरीतून खाली टाकला. त्याची नजर फिरली की आमच्या हिच्या पोटात गोळा येतो, सगळं घर गप्प होतं. शाळेतून दोनदा बोलावणं आलं. एकदा वर्गातल्या मुलीच्या डोक्यात टपली मारली म्हणून आणि एकदा दप्तरात अडकित्ता सापडला म्हणून. तो अडकित्ता मी जप्त करून कपाटात ठेवलाय. रागाच्या भरात मी म्हणालो, परत गावी पाठवीन, तर म्हणतो, पाठवा.

मी लहानपणापासून स्टार ट्रेकचा फॅन, दूरदर्शनवर बघायचो. म्हटलं एकत्र बसून काहीतरी बघू. त्यातला चार्लीचा एपिसोड मुद्दाम लावला, परग्रहावर वाढलेला मुलगा माणसांत येतो तो. वाटलं याला काहीतरी कळेल. पूर्ण बघितला त्याने, एकदाही उठला नाही. संपल्यावर एवढंच म्हणाला, ‘त्याका न्हेवक तरी इले.’ आणि खोलीत गेला. मला काही अर्थ लागला नाही. ताई, या मुलाला माणसात कसं आणू?”

दादा, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग तो एपिसोड परत बघितला, कारण मला तो नीट आठवत नव्हता. लहानपणी शेजाऱ्यांकडे बघितलेला, एका बाईचा चेहराच पुसला जातो तो सीन बघून रात्री लाइट लावून झोपलेले एवढंच आठवत होतं. आता पन्नाशी ओलांडल्यावर बघितला तर त्या चेहऱ्याची भीती नाही वाटली, रडू मात्र दोनदा आलं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. १५ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत दाखवलेला एपिसोड आहे, पहिल्याच सीझनमधला, कथा जीन रॉडनबेरींची आणि पटकथा डोरोथी फोंटाना या बाईंची, ज्या तेव्हा विशीतच होत्या. चार्ली सतरा वर्षांचा. तीन वर्षांचा असताना यान कोसळलं, त्यात सगळे गेले आणि हा एकटा उरला थेसस नावाच्या ग्रहावर, चौदा वर्षं. बोलायला शिकला तो यानातल्या टेप ऐकून. मग एक मालवाहू जहाज त्याला उचलतं आणि कॅप्टन कर्कच्या एंटरप्राइज या अंतराळयानावर आणून सोडतं, आणि सोडणारा कॅप्टन त्याचं इतकं कौतुक करतो, इतकी घाई करतो निघायची, की तिथंच आपल्याला कळतं काहीतरी गडबड आहे. गडबड अशी की पोराकडे मनाची शक्ती आहे. मनात आणलं की वस्तू गायब, माणूस गायब, माणसाची पाल. म्हणजे पाल नाही, इग्वाना, पण आपल्याकडे बघणारा पाल किंवा घोरपडच म्हणणार. बुद्धिबळात हरला तर सोंगट्या वितळवून टाकतो. कुणी हसलं तर हसणारा माणूसच राहत नाही. शेवटी ज्यांनी त्याला वाढवलं ते थेशियन येतात आणि त्याला घेऊन जातात, तो गयावया करत असतो की मला राहू द्या, आणि त्याचा आवाज तेवढा मागे घुमत राहतो.

आता तुम्ही हा एपिसोड मुलाला दाखवताना मनात भूमिका वाटून घेतलेल्या होत्या, हे मला स्पष्ट दिसतंय. तुमचा मुलगा चार्ली, ते बरोबर. तुम्ही कर्क. डोंबिवलीचा फ्लॅट म्हणजे एंटरप्राइज, माणसांची जागा. आणि गावाकडचे आजीआजोबा म्हणजे ते परग्रहावरचे, बिचारे चांगले पण आपल्यातले नव्हेत, ज्यांच्याकडे राहून पोरगं बिघडलं. तुम्ही असं लिहिलेलं नाहीये पण “माणसात कसं आणू” हा तुमचाच शब्द आहे, म्हणजे तो आत्तापर्यंत होता ती माणसं नव्हती का?

मला वाटतं तुमच्या मुलानं भूमिका उलट्या वाटल्या.

एपिसोडमधले थेशियन आठवा. त्यांना शरीर नाही. शेवटी जेव्हा ते बोलायला येतात तेव्हा काय दिसतं, एक तरंगणारा हिरवट चेहरा. फक्त चेहरा. म्हणतो की तुमच्याशी बोलता यावं म्हणून शेकडो वर्षांपूर्वीचं रूप घेतलंय. आणि चार्ली रडून रडून सांगतो की यांना मला हातसुद्धा लावता येत नाही हो, यांना प्रेम करता येत नाही, मला तिकडे नका पाठवू.

आता दर शुक्रवारी त्या मुलाच्या समोर काय यायचं ते आठवा. अकरा वर्षं. गावात रेंज नसते, कुठल्यातरी कातळावर नाहीतर शाळेच्या मागं आजोबा त्याला घेऊन जात असतील, फोन धरून उभे राहत असतील, आणि मग एक चेहरा यायचा, मध्येच अडकायचा, तोंड उघडं तसंच राहायचं, परत सुरू व्हायचा. अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको, काय पाहिजे सांग. तुम्ही प्रेमानंच केलेत ते कॉल, मला शंका नाही त्यात, शुक्रवार तुमच्या सुट्टीचा एकुलता एक दिवस. पण अडीच वर्षांच्या पोराच्या बाजूनं बघा. आईबाप म्हणजे तरंगणारा चेहरा. आणि अंगाला तेल लावणारी, ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी, पेज भरवणारी माणसं ती वेगळीच.

म्हणजे त्याच्या हिशेबानं परग्रह तुमचा आहे.

हे वाचून वाईट वाटलं असेल. वाटू दे थोडं, पण फार नको, कारण तुम्ही काही मौज करायला गेला नव्हता आणि कोकणातल्या निम्म्या घरांची ही कथा आहे, आधी गिरणीत जायचे, मग गल्फला, पोरं आजीकडेच वाढली. फरक एवढाच की पूर्वी बाप मनीऑर्डर पाठवायचा आणि पोराला माहीत असायचं की बाप मुंबईत आहे, दिसत नाही. आता बाप दिसतो पण नसतो. कुठलं जास्त वाईट हे मी नाही सांगू शकत.

तुम्ही लिहिलंय, सगळं दिलं. एपिसोडमध्ये तो हिरवा चेहरा जवळपास हेच म्हणतो! कर्क म्हणतो ही शक्ती वापरायची नाही हे आम्ही त्याला शिकवू, तर म्हणतात, त्याला जगता यावं म्हणून आम्हीच ती दिली. हेतू किती चांगला बघा. तीन वर्षांचं पोर, खायला काही नाही, हात लावता येत नाही, तर द्या शक्ती, जे पाहिजे ते मनात आण आणि मिळव. आणि त्या शक्तीनंच पोरगं माणसांत राहायच्या लायकीचं उरलं नाही. कारण ज्याला मागितलं की मिळतं त्याला कुणी नाही म्हणल्यावर काय करायचं ते शिकायची वेळच येत नाही. १९५८ मध्ये हॅरी हार्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माकडांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग मांडले होते, तुम्ही कदाचित कुठंतरी वाचलं असेल, पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची जिच्याकडे दूध, एक मऊ कापडाची जिच्याकडे काहीच नाही. पिल्लं दूध प्यायला तारेकडे जायची आणि बाकी दिवसभर कापडाला चिकटून. क्रूर प्रयोग होता, आज कुणी करू देणार नाही, पण दूध म्हणजे आई नव्हे एवढं त्यातून कळलं. गियरची सायकल ही तारेची आई आहे दादा. चांगली आहे, राहू दे, पण तिला कोण मिठी मारणार.

आता आजीकडे येऊ. तुमच्या पूर्ण पत्रात आजी चार शब्दांत गेल्या. “गेल्या वर्षी आई गेली” आणि लगेच पुढं “मग आम्ही कायमचे परत आलो”. तुमचीही आई होती ती, तुम्हालाही रडायला वेळ मिळालेला दिसत नाही, सामान, शाळा, दाखला, फ्लॅटचा हप्ता. पण त्या मुलाची तर आईच गेली ना. जी खरी आई होती व्यवहारात, ती गेली, आणि त्याच महिन्यात म्हणा किंवा वर्षात, घर गेलं, आजोबा लांब गेले, भाषा गेली, शाळेतले मित्र गेले, विहीर, पडवी, कुत्रा असेल तर कुत्रा. आणि बदल्यात काय, दोन चेहरे जे आता स्क्रीनमधून बाहेर आलेत आणि म्हणतायत आम्ही तुझे आईबाबा, जेवताना नीट मराठीत बोल.

मी स्वतः दोनच वर्षं आत्याकडे साताऱ्याला राहिले होते, पाच ते सात, आईचं आजारपण होतं म्हणून. परत आले तेव्हा आईला महिनाभर “ओ काकू” म्हणायचे. आईनं एकदाही रागावून सुधारलं नाही, हे मला आत्ता कळतं केवढं मोठं होतं ते.

ते टपलीचं प्रकरण. दादा, एपिसोडमध्ये अगदी हेच आहे, तुम्हाला दिसलं नाही का? चार्ली बघतो की दोन खलाशी बोलून निघताना एकमेकांना मागे चापट मारतात, मस्करीत. त्याला वाटतं असंच करतात निरोप घेताना. मग तो जॅनिस रँडला, ज्या मुलीवर त्याचा जीव जडलाय तिला, तशीच चापट मारतो. ती भडकते, म्हणते डॉक्टरांना नाहीतर कॅप्टनला विचार का ते. आणि कॅप्टन कर्क, ज्याला कशाचीही भीती वाटत नाही, तो माणूस ततपप करायला लागतो. पुरुषापुरुषात ठीक, पण बाईला, म्हणजे, ते, असं नसतं. झालं शिक्षण! त्याआधी यानावरचे डॉक्टर मॅकॉय आणि तो एकमेकांवर ढकलत असतात की तू सांग पोराला, नाही तू सांग, तू जवळचा. मला हसूच आलं, आपल्याकडच्या प्रत्येक घरात आईबाबा हेच करतात.

तुमच्या मुलानं वर्गात काय बघितलं असेल, मुलं एकमेकांना येताजाता टपल्या मारतात, शिव्या घालतात आणि तरी मित्र असतात. त्याला मित्र पाहिजे. ज्या मुलीला मारली ती कदाचित एकटीच असेल जी त्याच्याशी नीट बोलली. हा माझा अंदाज. त्यानं चुकीचंच केलं, तिला नकोसा स्पर्श झाला आणि तिची सॉरी म्हणून माफी मागायलाच पाहिजे, त्यात सूट नाही. पण तुम्ही त्याला काय सांगितलंत? मी पैज लावते, “परत असं करायचं नाही, शाळेतून फोन आला तर बघ.” यात का करायचं नाही ते कुठंच नाही. सरळ वाक्यात सांगा. मुलगा असो मुलगी असो, समोरच्याला चालेल का हे माहीत नसताना अंगाला हात लावायचा नाही, ती मुलं एकमेकांना मारतात ते त्यांनी आपापसात ठरवलेलं असतं, तुला तिच्याशी बोलायचं असेल तर बोलायला काय हरकत आहे. पाच मिनिटं लागतात. बापाचे कान लाल होतील, होऊ देत.

आणि ती नजर फिरणं, घर गप्प होणं. ही तुमच्या पोराची मनाची शक्ती, बरं का. परग्रहावरची काही लागत नाही त्याला. चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाकडे असते, घरातले घाबरले की वाढते. एंटरप्राइजवरच्या लोकांनी काय केलं, कळल्यावर सगळे दबकून वागायला लागले, कारण हा रागावला तर आपण गायब. आणि जितके ते घाबरून वागतात तितका तो जास्त बिथरतो, कारण पोरांना आपली भीती लगेच कळते, ती तर खरंच मनातलं वाचतात. तुमची मिसेस पोटात गोळा घेऊन “अजून एक चपाती घे ना” म्हणत असेल तर त्याला चपाती ऐकू येत नाही, गोळा ऐकू येतो.

एकच माणूस त्याच्याशी न घाबरता वागतो, कर्क. एका सीनमध्ये चार्ली नुकताच एका माणसाला गायब करून उभा आहे आणि कर्क त्याला म्हणतो, आपल्या खोलीत जा, नाहीतर मी उचलून नेईन. जो पोरगा कर्कलाही क्षणात नाहीसा करू शकतो, तो जातो गुपचूप. मला तो पूर्ण एपिसोडमधला सगळ्यात खरा सीन वाटतो. कारण “उचलून नेईन” हे वाक्य फक्त बाप म्हणतो. त्यात धमकी आहे पण त्यात हातही आहे, लक्षात आलं ना. त्यानं टॅब खाली टाकल्यावर तुम्ही काय केलंत हे लिहिलं नाही, नवीन आणलात का? आणला असेल तर चूक केलीत, स्पष्ट सांगते. खाली माणूस असता तर? हे त्याला कळायला पाहिजे, ओरडून नाही, शेजारी बसून, टॅब आता येणार नाही, आणि तू टाकलास म्हणून मला तुझी भीती पण वाटत नाही, आणि त्या मुली हसल्या ते पण वाईटच होतं, ते मी धाकटीशी बोलतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तिन्ही सांगा. धाकटीला खरंच सांगा. ती आठनऊ वर्षांची असेल, तिच्या दृष्टीनं अचानक एक मोठा मुलगा घरात आला आणि आईबाबा त्याच्यामुळं टेन्शनमध्ये, तिचं काही चुकलं नाही. पण दादा मालवणी बोलतो म्हणून हसायचं नाही हे तिला तुम्ही सांगायचं. बाबा पण मालवणीच आहेत, आजोबा पण, आणि तू पण, हे तिला माहीत आहे का?

थोडं विषय सोडून, पण ते बापाचं वाक्य लिहिताना आठवलं म्हणून. चार्लीचं काम करणारा रॉबर्ट वॉकर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, सतराचा नव्हताच. शूटिंगच्या वेळी तो म्हणे बाकीच्या नटांपासून मुद्दाम लांब राहिला, एकटा, म्हणजे पडद्यावर तो परका दिसावा. आणि दिसतोच. डोळे वर करून बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. तेव्हा कुणी मुद्दाम लांब राहिला तरी तसा दिसतो, तुमचं पोरगं तर मुद्दाम नाही राहत.

आता त्या वाक्याकडं. मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला त्याचा अर्थ नक्की करायचा होता. माझी एक मालवणची मैत्रीण आहे, तिला फोन करून विचारलं, “त्याका न्हेवक तरी इले” म्हणजे “त्याला न्यायला तरी आले” एवढंच ना, अजून काही छटा आहे का? ती म्हणाली शब्द साधेच आहेत गो, पण कोण बोललं? मी सांगितलं चौदा वर्षांचा मुलगा. ती एकदम गप्प झाली.

तुम्हाला अर्थ लागला नाही कारण तुम्ही शेवट शोकांतिका म्हणून बघितलात, आपण सगळे तसाच बघतो, पोराला नको असताना घेऊन गेले. त्यानं वेगळंच बघितलं. कुणीतरी आलं न्यायला. एवढ्या लांबून, तारे ओलांडून. आता यात दोन अर्थ असू शकतात आणि कुठला ते मला सांगता येणार नाही, तुम्हाला त्यालाच विचारावं लागेल. एक म्हणजे, आजो मला न्यायला आला नाही. मला इथं आणून टाकलं आणि कुणी आलं नाही. दुसरा अर्थ अजून जुना आहे. अकरा वर्षं, प्रत्येक मे महिन्यात किंवा गणपतीत, जेव्हा तुम्ही यायचात, तो बहुतेक पिशवी भरून बसत असेल. या वेळी नेतील. धाकटीला घेऊन आलात तेव्हा तर नक्कीच, कारण बहिणीला तिकडे ठेवतात म्हणजे आता मलाही. आणि तुम्ही परत जायचात. थेशियन निदान आले.

तुम्ही शेवटी आलात, पण आजी गेल्यावर. म्हणजे त्याच्या हिशेबात तुम्ही त्याच्यासाठी आला नाहीत, आजी नाही म्हणून आलात.

हे कसं बोलायचं? बसून बोलू नका, दोघं समोरासमोर बसलात की तो उठून जाईल. प्रवासात बोला. तुम्ही दोघंच जा गावी, हिला आणि धाकटीला नको या वेळी. तुतारीनं नाहीतर कोकणकन्येनं, साधं स्लीपरचं तिकीट काढा, एसीत सगळे पडदे ओढून झोपतात. रात्रीची गाडी असली की खिडकीबाहेर बघत माणूस बरंच बोलतो, तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि “परत पाठवीन” हे वाक्य जे तुम्ही बोललात ते आधी मागं घ्या. नावानिशी मागं घ्या, “मी रागात बोललो, मी तुला कुठंही पाठवणार नाही, तुला गावी जायचं असेल तर मी तुझ्याबरोबर येणार आणि आपण दोघं परत येणार”. कर्कला हे म्हणता आलं नाही, शेवटी तो थेशियनांशी भांडतो की मुलाला आम्ही शिकवू, त्याची जागा त्याच्या माणसांत आहे, पण तोवर उशीर झालेला असतो. तुमचा मुलगा अजून नववीत आहे. उशीर नाही झालेला.

आणि मालवणीत बोला. तुम्ही मला शुद्ध प्रमाण मराठीत पत्र लिहिलंत पण तुमची भाषा पण तीच आहे ना, का कुवेतला विसरलात? आईशी फोनवर कुठल्या भाषेत बोलायचात? त्या मुलाच्या आयुष्यात ती भाषा बोलणारं मोठं माणूस आता फक्त आजोबा उरलेत, लांब. तुम्ही तोंड उघडून नुसतं “जेवलंस काय रे” म्हणालात तरी त्याची मान वर होईल बघा. आजोबांना वर्षातून काही महिने डोंबिवलीला आणता येतंय का तेही बघा, त्यांना आवडणार नाही, कोंडल्यासारखं होईल, पण नातवासाठी येतील. नाही आले तर सुट्टी म्हणजे गाव, हे पक्कं करून टाका, दहावीचं वर्ष आलं क्लास आला तरी.

शाळेत समुपदेशक असेल तर भेटा, असतो बऱ्याच शाळांत, फक्त कुणी जात नाही. आणि हे मी दरवेळी लिहिते तसं याही वेळी लिहिते, मुलगा जर कधी जगून काय उपयोग असं काही बोलला, स्वतःला इजा केली, खाणं पूर्ण सोडलं, किंवा कुणावर हात उचलायला लागला तर माझ्या सदराची वाट बघत बसू नका, डॉक्टर गाठा, आणि १४४१६ हा टेली-मानस सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत पण बोलतात. तुम्ही स्वतः पण करू शकता फोन, बापांना मनाई नाहीये.

उरला अडकित्ता. तुम्ही तो शस्त्र म्हणून लिहिलाय, शाळेनं तसंच घेतलं, आणि शाळेत धारदार वस्तू नकोच हे त्याला सांगावंच लागेल. पण दादा, चौदा वर्षांचा पोरगा मारामारी करायला अडकित्ता नेतो का? कटर नेतो, कंपास नेतो. अडकित्ता कुणाचा होता हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. मला वाटतं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आई पान खायच्या का? दुपारी पडवीत बसून सुपारी कातरायच्या का, आणि तो शेजारी बसायचा का? चार्ली वस्तू गायब करतो म्हणून आपण त्याला घाबरतो, तुम्ही पण एक गायब केलीत बघा, त्याच्या आजीची शेवटची.

आज रात्री काढा ती आणि त्याच्या हातात द्या, घरातच राहील एवढं बोलून. काही विचारू नका लगेच. कपाटाची किल्ली तुम्ही कुठं ठेवता ते त्याला केव्हाच माहीत असणार, घरातलं एवढंसं पोरगं पण शोधून काढतं. त्यानं अजून घेतलेला नाही.